वाटा कुणाचा किती

सामना 88-88 असा बरोबरीत होता आणि घड्याळात मोजकेच सेकंद उरले होते. फिनिक्सच्या मैदानावर लास व्हेगस एसेसच्या एजा विल्सनकडे चेंडू आला. अंगावर अलिसा थॉमस, तिच्या मदतीला धावलेली डिवाना बॉनर. विल्सन गर्रकन वळली, उडी घेतली आणि दोघींच्या उंचावलेल्या हातांवरून तिने चेंडू सोडला. तो जाळीतून खाली आला तेव्हा 0.3 सेकंद शिल्लक होतं. 90-88. शेवटच्या क्वार्टरमध्ये 17 गुणांची पिछाडी भरून काढत फिनिक्स मर्क्युरीने अख्खं प्रेक्षागृह उभं केलं होतं. त्या एका फेकीने सगळ्यांना खाली बसवलं. विल्सनच्या नावावर त्या रात्री 34 गुण आणि 14 रिबाउंड लागले.

अमेरिकेत ती 8 ऑक्टोबर 2025 ची रात्र होती, आपल्याकडे 9 तारखेची सकाळ. दोन दिवसांनी अंतिम फेरीतला चौथा सामनाही एसेसने 97-86 असा जिंकला. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने अंतिम फेरी सात सामन्यांची करण्याचं ते पहिलंच वर्ष, आणि एसेसने ती 4-0 अशी आटोपली. चार वर्षांतलं त्यांचं हे तिसरं विजेतेपद. याच संघाला 2 ऑगस्टला मिनेसोटा लिंक्सने 53 गुणांनी लोळवलं होतं. त्यानंतर नियमित हंगामातले उरलेले सोळाच्या सोळा सामने एसेसने जिंकले.

खेळाच्या पानाला एवढी गोष्ट पुरते. पण त्या दहा दिवसांत अमेरिकेत या सामन्यांइतकीच दुसऱ्या एका तारखेची चर्चा होती: 31 ऑक्टोबर. त्या दिवशी खेळाडू आणि लीग यांच्यातला सामूहिक करार संपणार होता. अंतिम फेरी सुरू होण्याआधी लीगच्या आयुक्त कॅथी एंगेलबर्ट पत्रकारांसमोर आल्या, तेव्हा डावपेचांपेक्षा जास्त प्रश्न खेळाडूंच्या नाराजीबद्दल विचारले गेले. करंडक उचलणाऱ्या मुली आणि करंडक देणारी संस्था यांच्यात उघड भांडण चालू होतं.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरच्या बोरी अरबला या भांडणाचं काय, असं कुणी विचारेल. या भागात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुली दिसतात. त्यांच्या डोक्यात करंडक नसतो, पोलीस भरती असते. 800 मीटर धावणे 20 गुण, 100 मीटर 15 गुण, गोळाफेक 15 गुण. शाळेत कबड्डी किंवा खो-खो खेळून तालुका, जिल्हा, अमरावती विभाग अशा पायऱ्या चढलेली मुलगी या मैदानी चाचणीत पुढे असते. तिच्या खेळाचं आपल्याकडे जे काही मोल होतं ते दोन ठिकाणी: दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेतले वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण. म्हणजे खेळून पोट भरायचं तर खेळ सोडून नोकरीला लागायचं. अमेरिकेतल्या त्या मुलींना खेळातच पोट भरायचं आहे, आणि ते सन्मानाने भरावं यासाठी त्या 1998 पासून संघटित आहेत. मला हे भांडण म्हणूनच जवळचं वाटतं.

आधी आकडे. 2025 च्या हंगामात डब्ल्यूएनबीएमधला सर्वांत मोठा पगार 2,49,244 डॉलर होता, सर्वांत लहान 66,079 डॉलर. रुपयांत मांडलं तर वर सव्वादोन कोटींच्या आसपास, खाली 58 लाखांच्या आसपास. यवतमाळ जिल्ह्यात बसून हे आकडे वाचणाऱ्याला वाटेल, एवढं मिळतंय तर तक्रार कसली? ही शंका रास्त आहे आणि तिला नीट उत्तर दिलं पाहिजे, कारण खुद्द अमेरिकेतही हाच प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो.

उत्तर आपल्या वावरात आहे. गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाची रक्कम, वर थोडं धान्य, कधी कपडालत्ता; बोलणं होतं आणि वर्षभर त्याचे हात मालकाचे. पुढच्या पाडव्याला रक्कम थोडी वाढते. कापसाला भाव आला, एकरी उतारा दुप्पट झाला, तरी सालगड्याचं साल ठरलं तेवढंच. बटईदाराचं तसं नसतं. तो पिकात भागीदार असतो. बुडालं तर त्याचंही बुडतं आणि पिकलं तर त्याच्या अंगणातही ढीग लागतो. डब्ल्यूएनबीएच्या मुलींचा 2020 चा करार सालगड्याचा होता. एका संघाने पगारावर किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली, आणि ती वर्षाला तीन टक्क्यांनी वाढणार. लीगचं उत्पन्न कितीही वाढो, पगार तीन टक्क्यांनीच पुढे सरकणार. वाढीव उत्पन्नात निम्मा वाटा देण्याचं एक कलम करारात होतं खरं, पण ते उत्पन्नाची ठरावीक उद्दिष्टं गाठल्यावरच लागू होणार होतं. करार झाला जानेवारीत, मार्चमध्ये महासाथ आली, प्रेक्षागृहं ओस पडली. त्या कलमातून खेळाडूंच्या हाती काही पडलं नाही.

आणि मग पीक आलं. 2024 मध्ये आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क लीगमध्ये आली आणि तिकिटं मिळेनाशी झाली. तिचा पहिल्या वर्षाचा पगार होता 76,535 डॉलर. त्याच वर्षी जुलैमध्ये डिस्ने, ॲमेझॉन आणि एनबीसी यांच्याशी प्रक्षेपण हक्कांचा करार झाला: 11 वर्षांसाठी 220 कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला 20 कोटी. गोल्डन स्टेट वाल्कीरीज हा तेरावा संघ 5 कोटी डॉलर भरून लीगमध्ये आला होता. 2025 मध्ये क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि फिलाडेल्फिया यांना नवे संघ दिले गेले तेव्हा प्रत्येकाकडून 25 कोटी डॉलर घेतले. दोनच वर्षांत प्रवेशाची किंमत पाचपट झाली आणि खेळाडूचा पगार दोन वर्षांत सहा टक्क्यांनी वाढला.

पुरुषांच्या एनबीएमध्ये खेळाशी संबंधित उत्पन्नाचा साधारण निम्मा भाग खेळाडूंना मिळतो, आणि तसं करारात लिहिलेलं आहे. महिलांच्या लीगमध्ये तो वाटा दहा टक्क्यांच्याही आत असल्याचे अंदाज वारंवार छापून आले. पुरुषांइतका पगार द्या अशी या मुलींची मागणी नव्हती. एनबीएचं उत्पन्न कितीतरी पट मोठं आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पुरुषांना ज्या रीतीने वाटा मोजून मिळतो, त्या रीतीने आमचाही मोजा, एवढंच त्या म्हणत होत्या.

लीगची बाजूही ऐकली पाहिजे. 1996 मध्ये एनबीएच्या मालकांनी ही लीग मंजूर केली आणि 21 जून 1997 ला पहिला सामना झाला तेव्हा आठ संघ होते. त्यातले कित्येक पुढे बंद पडले. वर्षानुवर्षं तोटा एनबीएने सोसला. 2022 मध्ये पैसा उभा करण्यासाठी लीगने स्वतःतला हिस्सा विकून साडेसात कोटी डॉलर आणले. आता कुठे दिवस बरे आले आहेत, तर आधी घातलेलं भांडवल वसूल होऊ द्या, असं मालकांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण ज्यांनी तोट्याच्या वर्षांत कमी पैशात खेळून ही लीग जिवंत ठेवली त्या खेळाडूंनीही भांडवलच घातलं होतं. मालकाचं भांडवल बँकेच्या वहीत दिसतं. खेळाडूचं गुडघ्यात आणि घोट्यात गेलेलं असतं. त्याची मोजदाद कुणी करायची?

ते भांडवल कसं घातलं गेलं ते डायाना टोरासी आणि ब्रिटनी ग्रायनर या खेळाडूंच्या उदाहरणांत स्वच्छ दिसतं. लीगचा हंगाम उन्हाळ्यातला. हिवाळ्यात बहुतेक नामांकित खेळाडू तुर्कस्तान, रशिया, चीन, ऑस्ट्रेलिया इथे जाऊन खेळत, कारण तिथे पगार जास्त होता. वर्षभर शरीराला विश्रांती नाही. 2015 मध्ये टोरासीला तिच्या रशियन संघाने अमेरिकेतला हंगाम सोडून आराम करण्यासाठी पैसे दिले, आणि तिने ते घेतले. आपल्या देशाच्या लीगमध्ये खेळण्यापेक्षा न खेळण्याचा मोबदला परदेशात जास्त होता. ग्रायनर फेब्रुवारी 2022 मध्ये येकातेरिनबुर्गच्या संघाकडून खेळायला निघाली असताना मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली. सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या होत्या. नऊ वर्षांची शिक्षा, श्रम वसाहत, आणि 8 डिसेंबर 2022 ला कैद्यांच्या अदलाबदलीत सुटका. अमेरिकेतले लोक तेव्हा पहिल्यांदा विचारू लागले की ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलेली बाई हिवाळ्यात रशियात काय करत होती. ती कामाला गेली होती. घरच्या मिळकतीत भागत नव्हतं म्हणून परमुलखात गेली होती; विदर्भातल्या माणसाला याहून जास्त समजावून सांगायला नको.

संघटनेची गोष्ट इथून सुरू होते. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंची संघटना नोव्हेंबर 1998 मध्ये स्थापन झाली, लीगच्या दुसऱ्या हंगामानंतर लगेच. व्यावसायिक महिला खेळाडूंची ती जगातली पहिली कामगार संघटना मानली जाते. पुढच्याच वर्षी पहिला करार झाला. 2003 च्या एप्रिलमध्ये एनबीएचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी बोलणी मिटली नाहीत तर हंगामच रद्द करू असा इशारा दिला होता. हंगाम वाचला, आणि कराराची मुदत संपलेल्या खेळाडूला स्वतःचा संघ स्वतः निवडण्याची मुभा त्या करारातून मिळाली. 2020 च्या करारात बाळंतपणाच्या रजेत पूर्ण पगार आणि लहान मूल असलेल्या आईला दोन खोल्यांचं घर ही कलमं आली. 2024 पासून संघांना प्रवासासाठी स्वतंत्र विमान मिळू लागलं; त्याआधी साडेसहा फुटी मुली सामान्य विमानात गुडघे दुमडून बसत आणि दुसऱ्या दिवशी सामना खेळत.

कलम कागदावर असलं की ते आपोआप पाळलं जातं असं नाही. ज्या एसेसचं कौतुक मी सुरुवातीला केलं त्याच संघातून डेरिका हॅम्बीला जानेवारी 2023 मध्ये लॉस एंजेलिसला पाठवण्यात आलं. ती तेव्हा गरोदर होती, आणि त्यावरून आपल्याला अपमानास्पद वागणूक मिळाली असा तिने जाहीर आरोप केला. प्रशिक्षक बेकी हॅमन यांनी तो नाकारला. खेळाडूंच्या संघटनेने चौकशीची मागणी केली, लीगने चौकशी केली आणि हॅमन यांना दोन सामन्यांसाठी बिनपगारी निलंबित केलं. शिक्षा पुरेशी होती की नव्हती यावर वाद आहे. पण तक्रार घेऊन जायला दार होतं, आणि दारामागे माणसं बसली होती.

20 ऑक्टोबर 2024 ला न्यूयॉर्क लिबर्टीने जादा वेळेत मिनेसोटाला 67-62 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. दुसऱ्याच दिवशी संघटनेने जाहीर केलं की 2020 च्या करारातून आम्ही मुदतीआधी बाहेर पडतो आहोत. म्हणून तर 31 ऑक्टोबर 2025 ही तारीख आली. मधल्या वर्षात बोलणी रखडत गेली. 19 जुलै 2025 ला इंडियानापोलिसमध्ये ऑल-स्टार सामना होता, हंगामातला सर्वांत चकचकीत दिवस. सरावाला दोन्ही संघांच्या मुली एकच काळा टी-शर्ट घालून आल्या. त्यावर लिहिलं होतं, आमचं जे देणं आहे ते द्या. प्रेक्षकांनीही तशीच घोषणा दिली, आयुक्त करंडक द्यायला आल्या तेव्हाही ती घुमत होती. त्या सामन्यात 36 गुणांचा विक्रम करून सर्वोत्तम ठरलेली नफीसा कॉलियर ही संघटनेची उपाध्यक्ष. वाटाघाटीच्या खोलीत आणि मैदानावर, अशा दोन्हीकडे तीच.

सप्टेंबरच्या अखेरीस कॉलियरचा घोटा दुखावला आणि तिचा मिनेसोटा संघ उपांत्य फेरीत फिनिक्सकडून हरला. 30 सप्टेंबरला ती हंगामअखेरच्या पत्रकार परिषदेला लिहिलेलं निवेदन घेऊन आली. जगातले सर्वोत्तम खेळाडू आणि सर्वोत्तम प्रेक्षक आमच्याकडे आहेत, नेतृत्व मात्र जगातलं सर्वांत वाईट आहे, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. प्रक्षेपणाचा एवढा मोठा करार मिळवून दिल्याबद्दल खेळाडूंनी कृतज्ञ राहावं, अशा आशयाचं एंगेलबर्ट आपल्याशी खासगीत बोलल्या, असंही तिने सांगितलं. क्लार्कबद्दलचंही एक विधान तिने एंगेलबर्ट यांच्या तोंडी घातलं होतं; ते आपण केलेलं नाही, असं एंगेलबर्ट यांनी काही दिवसांनी पत्रकारांना सांगितलं. खेळाडूंना आपण आदर देत नाही असं वाटत असेल तर सुधारणा करू, असंही त्या म्हणाल्या. खासगी बोलणं कोणत्या शब्दांत झालं ते त्या दोघींना ठाऊक. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कॉलियर दुसऱ्या दिवशीही खेळाडू होती, उपाध्यक्ष होती, आणि तिला संघातून काढण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नाही. आपल्याकडच्या एखाद्या राज्य संघटनेच्या अध्यक्षांबद्दल असं निवेदन वाचलेली मुलगी पुढच्या निवड चाचणीला कुठे असती?

ऑक्टोबरची मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत वाढली, तिथून 9 जानेवारी 2026 पर्यंत. मध्येच 18 डिसेंबरला संघटनेने मतदान घेतलं: गरज पडल्यास संप पुकारण्याचा अधिकार कार्यकारिणीला द्यायचा की नाही. 93 टक्के खेळाडूंनी मत दिलं आणि त्यातल्या 98 टक्क्यांनी हो म्हटलं. तेरा संघांतल्या जेमतेम दीडशे बायका. त्यात विल्सन होती आणि 66 हजार डॉलरवर बाकावर बसणारीही होती. दोघींचं मत एकेकच.

आता आपल्याकडे या.

भारतात महिलांच्या बास्केटबॉलची वर्षानुवर्षं चालणारी व्यावसायिक लीग उभी राहिलेली नाही. तरी इथल्या मुली आंतरराष्ट्रीय स्पर्धांत खेळतात, ते रेल्वेच्या जिवावर. रेल्वेचं क्रीडा मंडळ 1928 पासूनचं. खेळाडूला नोकरी, सरावाला सवलत, स्पर्धेला रजा. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या मुलींचा दबदबा. भारताची कर्णधार राहिलेली पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडूनच खेळली. 2017 मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या ब गटात भारताने कझाकस्तानला 75-73 असं हरवून वरच्या गटात जागा मिळवली, त्या संघाची कर्णधार अनिता पॉलदुराई चेन्नईची, तीही रेल्वेतली, आणि एका मुलाची आई. 2021 मध्ये तिला पद्मश्री मिळाली. केरळची गीतू ॲना जोस 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांच्या चाचणीला जाऊन आली. ती सुद्धा रेल्वेची कर्मचारी.

रेल्वेचे उपकार मोठे आहेत, आणि हे मी मनापासून लिहिते आहे. गावातल्या बापाला बास्केटबॉल कळत नाही, रेल्वेची नोकरी कळते. त्या एका शब्दावर कित्येक मुलींची लग्नं दोन-चार वर्षं पुढे गेली आणि त्या खेळत राहिल्या. पण या व्यवस्थेत एक पेच आहे. ती मुलगी रेल्वेची कर्मचारी म्हणून कामगार संघटनेत जाऊ शकते. वेतन आयोग, बदली, बढती यांवर तिच्या वतीने बोलणारं कुणीतरी असतं. खेळाडू म्हणून तिचं काय? राष्ट्रीय शिबिराचं जेवण, दौऱ्याचा प्रवास, दुखापतीनंतरचे उपचार, निवडीचे निकष, सामन्याच्या प्रक्षेपणातून आलेला पैसा, यांतल्या एकाही गोष्टीवर तिच्या वतीने वाटाघाट करणारं कुणी नाही. नोकरीने तिला पोट दिलं आणि त्याच नोकरीने तिला गप्प ठेवलं.

लीग निघाली तरी काय होतं ते कबड्डीने दाखवलं. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपल्या मातीतला खेळ घराघरात टीव्हीवर आला. चौथ्या हंगामात, 2016 च्या जून-जुलैमध्ये, त्याच तंबूत महिलांची स्पर्धा भरवली गेली. संघ तीनच: आइस दिवाज, फायर बर्ड्स आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कर्णधार मुंबईची अभिलाषा म्हात्रे, फायर बर्ड्सची ममता पुजारी, स्टॉर्म क्वीन्सची तेजस्विनी बाई. 31 जुलैला हैदराबादला अंतिम सामना झाला आणि स्टॉर्म क्वीन्सने तो 24-23 असा जिंकला. एका गुणाने! यापेक्षा रंगतदार शेवट लीगच्या मालकांना मागून मिळाला नसता. पुढच्या वर्षी पुरुषांची लीग बारा संघांची झाली. महिलांची स्पर्धा मात्र त्या व्यासपीठावर पुन्हा भरलीच नाही.

मला या घटनेचा राग येतो, आणि तो मालकांपेक्षा व्यवस्थेवर जास्त आहे. मालकांनी हिशेब केला असेल, परवडलं नसेल. पण तो हिशेब कुणी मागितला का? प्रायोजक किती आले, टीव्हीवर किती लोकांनी पाहिलं, किती वर्षं सोसायची तयारी होती, हे विचारायला मुलींच्या वतीने कुणी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेलंच नव्हतं. 2003 मध्ये अमेरिकेतल्या लीगचा हंगाम रद्द करण्याची भाषा झाली तेव्हा समोर संघटना होती. 2016 मध्ये इथे समोर खुर्ची रिकामी होती, म्हणून गाजावाजा न होता सगळं संपलं. त्यानंतरही या मुलींच्या पिढीने भारतासाठी पदकं आणली आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये ढाक्याला महिलांचा विश्वचषक भारताने चायनीज तैपेईला 35-28 असं हरवून जिंकला. खेळात काही कमी नव्हतं.

जिंकल्यावर सरकार सढळ हाताने देतं, हे खरं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला 78-40 असं हरवलं, कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी जाहीर केले. त्याच विजेत्या संघांतल्या कर्नाटकच्या दोन खेळाडूंना त्यांच्या सरकारने पाच लाख देऊ केले, आणि महाराष्ट्राकडे बोट दाखवून त्या दोघांनी ते नाकारले. मेहनत तीच, विश्वचषक तोच, पण राज्याची सीमा मध्ये आली की रकमेत कोट्यवधींचा फरक. महाराष्ट्राने दिले याचा आनंद आहे. पण मोबदला मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर ठरत असेल, तर पुढच्या वर्षी मर्जी नसेल तेव्हा खेळाडूने कुठे जायचं? आणि जी मुलगी विश्वचषकाच्या संघापर्यंत पोचली नाही, पण जिच्याशी रोज झुंजून पोचलेल्या मुली तयार झाल्या, तिच्यासाठी तर बक्षीसही नाही.

क्रिकेटचं चित्र वेगळं आहे, असं वाटतं. सांगलीच्या स्मृती मानधनाला महिला प्रीमियर लीगच्या 2023 च्या पहिल्या लिलावात 3 कोटी 40 लाख मिळाले. अमरावतीची भारती फुलमाळी त्याच लीगमध्ये खेळते. यवतमाळच्या मुलीला बोट दाखवून सांगता येईल इतकं जवळचं हे उदाहरण. ऑक्टोबर 2022 मध्ये क्रिकेट मंडळाने महिलांचं सामना मानधन पुरुषांइतकं केलं: कसोटीला 15 लाख, एकदिवसीय सामन्याला 6, टी-ट्वेंटीला 3. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकल्यावर मंडळाने संघाला 51 कोटी जाहीर केले. हे सगळं खरं आणि चांगलं. पण 2024-25 च्या वार्षिक करारात महिलांच्या वरच्या श्रेणीला 50 लाख होते आणि पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला 7 कोटी. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 951 कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण 190 कोटी. पाचही संघांची 2025 ची पगाराची मर्यादा मिळून 75 कोटी. हा वाटा डब्ल्यूएनबीएच्या मुलींपेक्षा बरा दिसतो. पण तो किती असावा हे मंडळाने एकट्याने ठरवलं. खेळत्या क्रिकेटपटूंची संघटना भारतात नाही. 2019 मध्ये लोढा समितीच्या शिफारशीतून इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन झाली, ती निवृत्तांची.

ऑस्ट्रेलियात काय झालं पाहा. 2017 च्या जूनअखेरीस तिथल्या खेळाडूंचे करार संपले आणि 1 जुलैला सुमारे 230 क्रिकेटपटू बेकार झाले. महसुलातला वाटा बंद करण्याचा मंडळाचा प्रस्ताव त्यांनी धुडकावला होता. त्याच जुलैमध्ये इंग्लंडमध्ये महिलांचा विश्वचषक चालू होता. डर्बीला हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 171 धावा कुटल्या तो दिवस, 20 जुलै, आपल्याला आठवतो. समोर गोलंदाजी करणाऱ्या मुलींच्या देशात तेव्हा क्रिकेटपटूंचा हा झगडा ऐन भरात होता. 3 ऑगस्टला तो मिटला. पुरुष आणि महिला पहिल्यांदा एकाच करारात आले, महिलांनाही महसुलात वाटा मिळाला, आणि करारकाळातली महिलांची एकूण रक्कम 75 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवरून 5 कोटी 52 लाखांवर गेली. लाखो डॉलर मिळवणारे पुरुष खेळाडू महिलांना आणि देशांतर्गत खेळाडूंना बाजूला टाकून स्वतःचा सौदा करून मोकळे होऊ शकत होते. त्यांनी तसं केलं नाही. ती लढाई जिंकली गेली ती या एका कारणाने.

आपल्याकडेही एक फट उघडली आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात प्रत्येक राष्ट्रीय क्रीडा संघटनेला खेळाडूंची समिती नेमणं बंधनकारक आहे, आणि वाद सोडवण्यासाठी क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. 2023 मध्ये महिला कुस्तीपटूंना दाद मागण्यासाठी जंतरमंतरच्या फुटपाथवर झोपावं लागलं होतं, हे ज्यांना आठवतं त्यांना या तरतुदींची गरज पटवून द्यावी लागणार नाही. पण समिती म्हणजे संघटना नव्हे. समितीला बसायला खुर्ची मिळते. संघटनेच्या हातात खेळ थांबवण्याची ताकद असते. समितीवर कोण येतं, कुणाच्या मताने येतं, यावर तिचा उपयोग ठरेल. मोठं नाव असलेले आणि पदाधिकाऱ्यांच्या मर्जीतले माजी खेळाडू नेमून ती जागा भरली, तर खुर्ची पुन्हा रिकामीच राहिली असं समजावं.

विदर्भाला संस्था उभ्या करण्याची सवय आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून उभं आहे. तिथल्या मंडळींनी 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. वऱ्हाडातल्या शाळांत खेळ शिकवणारे कितीतरी शिक्षक त्या मंडळाच्या महाविद्यालयातून शिकून आले. खेळ शिकवणारी संस्था आपण शंभर वर्षांपूर्वी काढू शकलो, तर खेळणाऱ्यांची संस्था काढायला काय हरकत आहे? तिच्या पहिल्या मागण्या डॉलरच्या नसतील. जिल्ह्याकडून खेळताना मुलीचा गुडघा गेला तर शस्त्रक्रियेचा खर्च कुणी करायचा, हे लेखी हवं. कारण तो गुडघा गेला की तिची 800 मीटरची धावही गेली आणि भरतीही गेली. विभागीय स्पर्धेला जाताना मुलींबरोबर बाई हवी आणि मुक्कामाच्या जागी दाराला आतून कडी हवी, हे लेखी हवं. निवड चाचणीचे गुण भिंतीवर लागायला हवेत.

अशी संस्था किंवा खेळाडू समिती मतांनी निवडायची, तर मतदार शोधायला लांब जावं लागणार नाही. वाढीव गुणांसाठी आणि पाच टक्के आरक्षणासाठी खेळाडूंची प्रमाणपत्रं सरकारी क्रीडा कार्यालयात तपासली जातात. बोरी अरब, दारव्हा, नेर, दिग्रस, पुसद, वणी, जिथून कुठून मुली राज्य पातळीवर खेळून आल्या, त्यांची नोंद तिथे होते. खेळाडू समितीची पहिली मतदारयादी त्याच नोंदींवरून करता येईल, आणि बाकावर बसलेल्या राखीव मुलीचं नावही तीत असलं पाहिजे.